आईचं काम शिकायला कॉलेजात जायचं?

नमस्कार मॅडम,
मी भूम तालुक्यातली. बारावीनंतर दोन वर्षं लातूरला खोली करून ‘नीट’ ही मेडिकलची प्रवेश परीक्षा दिली. दोन्ही वेळा एमबीबीएसला लागतील एवढे मार्क पडले नाहीत. पप्पा म्हणतात बीएएमएस घे, खासगीत नंबर लागतोय, जमिनीचा तुकडा विकू. पण पेशंट तपासायची मला आवडच नाही, हे मला लातूरलाच कळून चुकलं होतं. माझी आई पंधरा वर्षांपासून आशा कार्यकर्ती आहे. लहानपणी तिच्याबरोबर घरोघर फिरले. लोकांनी आजारीच पडू नये म्हणून ती जे करते ते मला आवडतं. नेटवर शोधलं तर त्याला ‘हेल्थ प्रमोशन’ म्हणतात आणि बाहेरच्या देशांत त्याची पदवी असते असं कळलं. पुण्याकडच्या एका खासगी विद्यापीठात ‘पब्लिक हेल्थ’ची पदवी आहे, वर्षाची फी एक लाख साठ हजार. तिथले प्रवेशवाले म्हणाले, शंभर टक्के प्लेसमेंट. आई म्हणते, “माझ्यासारखी वणवण करायला पदवी कशाला लागते? आणि वणवणच करायची होती तर तुला एवढं शिकवलं कशाला?” पप्पांना तर चारचौघांत मुलगी काय शिकणार हे सांगता येत नाही. मी गणिताच्या भीतीने बायो घेतलं होतं, त्यामुळे दुसरीकडे वळायचीही धास्ती वाटते. काय करू?
– आशाची लेक

आशाच्या लेकी,

तुझं पत्र जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मिळालं, म्हणजे घरात रोज रात्री जेवताना हाच विषय चालू असणार. म्हणून उत्तर आधी सांगते आणि मग बोलते. त्या खासगी विद्यापीठात पैसे भरू नकोस. जमीन विकू देऊ नकोस. तिसरा ड्रॉप घेऊ नकोस. आणि हा विषय सोडू नकोस.

मी आरोग्य खात्यात तीस वर्षं प्रचार-प्रसिद्धीचं काम केलं. पोस्टर, भिंतीवरची घोषवाक्यं, जत्रेतले स्टॉल, कलापथकं, रेडिओवरची पाच मिनिटं. तेव्हा ‘हेल्थ प्रमोशन’ हा शब्द आमच्याकडे कोणी वापरत नव्हतं, ‘आरोग्य शिक्षण’ म्हणायचे. लोकांना माहिती नाही, ती आपण दिली की लोक शहाणे होतील, असा त्या दोन शब्दांमागचा साधा हिशेब होता. त्या हिशेबाने मी एकदा चार हजार पोस्टरं छापून घेतली. गरोदर बाईने लोहाच्या गोळ्या घ्याव्यात म्हणून. पोस्टरवर हसरी बाई, हातात गोळी, खाली ‘रक्त वाढवा, बाळ वाचवा’. कागद चांगला जाड होता. पुढे दोन वर्षं मी जिल्ह्यात जाईन तिथे ती पोस्टरं मला भेटत राहिली: औषधभांडाराच्या फळ्यांवर अंथरलेली, शाळेत मागच्या कोऱ्या बाजूवर नकाशे काढलेली. एका उपकेंद्रात तर फुटक्या खिडकीला लावलेली. कागद जाड असल्याचा फायदा झाला तो असा.

गोळ्यांचं खरं काय चाललं होतं ते मला एका आशाताईमुळे कळलं. तिच्याबरोबर एका घरी गेले. सून सातव्या महिन्यात, डोळ्याची पापणी ओढून पाहिली तर पांढरीफटक. गोळ्या घेतेस का विचारलं, तर मान डोलावली. मी असते तर फॉर्मवर ‘होय’ लिहून निघाले असते. ताईने विचारलं, “कवा घेतीस?” सून म्हणाली, “सकाळी चहासंगं.” ताई हसली, म्हणाली, “मग मळमळत असंल. दावती का पाकीट?” सुनेने फडताळातून पावडरचा रिकामा डबा काढला. त्यात तीन महिन्यांची पाकिटं जशीच्या तशी. पहिले चार दिवस घेतल्या होत्या. मळमळ झाली, शी काळी झाली, ती घाबरली. वर सासूचं म्हणणं की या गोळ्यांनी पोर पोटात मोठं होतं नि बाळंतपणात अडतं.

ताईने भाषण केलं नाही. उंबऱ्यावर बसून सासूशी आधी ज्वारीवर बोलली, मग सासूच्या स्वतःच्या बाळंतपणांवर, मग म्हणाली की शी काळी होते ती गोळीतल्या लोखंडानं, त्याला घाबरायचं नाही. गोळी रात्री जेवल्यावर, झोपायच्या आधी घ्यायची. चहाबरोबर घेतली तर अंगी लागत नाही, त्यापेक्षा वरणावर लिंबू पिळ. आणि गोळी रोज सासूबाईंनीच द्यायची, त्यांच्या हातून. ही शेवटची युक्ती बघ. जिचा विरोध होता, डबा तिच्याच ताब्यात दिला.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती प्रशिक्षणात सांगत फिरले असते. पण पुढच्या महिन्यात त्या उपकेंद्रातल्या गोळ्याच संपल्या आणि दोन महिने आल्या नाहीत. सासू विचारायला आली होती म्हणे. म्हणजे बाईचं मन वळलं, घर वळलं, आणि गोळी कुठल्यातरी गोदामात मागणीपत्राची वाट बघत बसली.

तू ज्याला आवड म्हणतेस तो विषय हा असा आहे. त्या डब्यापासून त्या गोदामापर्यंतचा सगळा रस्ता. डॉक्टरला त्यातली पांढरी पापणी दिसते आणि ती दिसायलाच हवी. तुझ्या विषयात पापणीच्या मागचा चहा, सासू, डबा नि मागणीपत्र हे सगळं एकत्र बघायला शिकवतात. नोव्हेंबर १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची एक परिषद कॅनडात ओटावा इथे भरली. तिथल्या जाहीरनाम्यात या विषयाची जी पाच कामं सांगितली त्यात माणसाला माहिती-कौशल्यं देणं हे पाचातलं एक. उरलेली चार म्हणजे आरोग्याचा विचार करणारी सरकारी धोरणं, माणसाला नीट राहता येईल असा भोवताल, गावाने मिळून केलेली कृती, आणि दवाखान्यांनी नुसत्या उपचारांपलीकडे वळणं. मी चार हजार पोस्टरं छापली ती एका कामासाठी, बाकीच्या चारांकडे पाठ करून.

आता तुझ्या घराजवळचंच सांगते. भूमहून जामखेड काही लांब नाही. तिथे १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य येऊन राहिलं. त्यांनी गावोगावच्या, बहुतेक अक्षरओळखही नसलेल्या बायका निवडून त्यांना आरोग्य कार्यकर्त्या केलं. सुरुवातीच्या दुष्काळात पाण्यासाठी बोअर घ्यायची वेळ आली, तेव्हा ते दलित वस्तीच्या बाजूला घेतले गेले. पाणी हवं असेल तर गावाने तिथे यायचं. जुलाब कमी करायला शुद्ध पाणी लागतं, हे कुठलंही पुस्तक सांगेल. हापसा कुठल्या आळीत बसवायचा हे पुस्तक सांगत नाही, आणि फरक पडतो तो त्यानेच. त्या दोघांनी अमेरिकेत जाऊन जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं होतं, हे मुद्दाम सांगते, कारण आईचा प्रश्न ‘पदवी कशाला’ असा आहे.

त्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते आईच्याच पिशवीत आहे. बाळंतीण घरी आली की आई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या घरी जाते ना? झोळीच्या काट्यावर बाळ तोलते, थर्मामीटर लावते, श्वास मोजते, सहा भेटी पुऱ्या झाल्या की अडीचशे रुपये. हे वेळापत्रक दिल्लीत कुणा साहेबाने सहज आखलेलं नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ३९ गावांतल्या, थोडंफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळ सांभाळायला शिकवलं, शेजारची ४७ गावं तुलनेला ठेवली, प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदला. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. १९९९ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि २०११ पासून देशभरातल्या आशांच्या कामात ही गृहभेट आली. गडचिरोलीतल्या त्या बायका नसत्या तर ते काम झालं नसतं. आणि ४७ गावं तुलनेला ठेवायची अक्कल नसती तर झालेलं काम सरकारला पटलं नसतं. पदवी लागते ती या दुसऱ्या गोष्टीसाठी. वणवण आईला येते, तुझ्या-माझ्यापेक्षा चांगली येते. त्या वणवणीचा पुरावा कसा करायचा, तो कोणत्या टेबलावर कसा ठेवायचा, आणि आशाला अडीचशेच का मिळतात हे कुणाला विचारायचं, ते शिकायला कॉलेज.

(आईला हे वाचून दाखव. ‘अडीचशे’वर ती काय म्हणते ते मला माहीत आहे, छापण्यासारखं नसणार.)

आता पदवीचं. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात बारावीनंतर थेट ‘हेल्थ प्रमोशन’ घेता येतं हे खरं. अमेरिकेत आरोग्य शिक्षकांसाठी प्रमाणपत्राची वेगळी परीक्षाही असते. तिथे शाळा, कारखाने, विमा कंपन्या, महापालिका असल्या माणसांना नोकरी देतात, म्हणून ती पदवी चालते. आपल्याकडे हा विषय मुख्यतः पदवीनंतरचा आहे. कोलकात्याच्या अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक आरोग्य संस्थेत, जी १९३२ पासून आहे, आणि तमिळनाडूत गांधीग्रामला आरोग्य संवर्धन व शिक्षण याच नावाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. बाकी बहुतेक ठिकाणी तो ‘मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ’ म्हणजे एमपीएचच्या पोटात येतो. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने १९९७ मध्ये आपल्याकडे एमपीएच सुरू केलं. मुंबईत देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, म्हणजे टिसमध्ये, आहे, पुणे विद्यापीठाच्या आरोग्य विज्ञान विभागात आहे. यातल्या काही ठिकाणी डॉक्टर नसलेल्यांनाही प्रवेश मिळतो.

म्हणजे तुला आत्ता लागते ती पायाची पदवी. आणि ती निवडायची एक रीत मी सगळ्यांना सांगते, कुणी ऐकत नाही, तू ऐक. माहितीपत्रक वाचू नकोस, नोकरीची जाहिरात वाच. तीही उलटी वाच. पदाचं नाव नि मानधन सोड, ‘शैक्षणिक अर्हता’ हा रकाना आधी बघ. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या गेल्या वर्षा-दोन वर्षांतल्या तुझ्या, लातूर, सोलापूर, बीड जिल्ह्यांच्या दहा-बारा जाहिराती काढ आणि वहीत नुसता तो रकाना उतरव. तुला काय दिसेल ते सांगते. समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे उपकेंद्रात बसणारे सीएचओ: तिथे बीएएमएस, बीयूएमएस, बीएस्सी नर्सिंग. समूह संघटक, समुपदेशक: तिथे बहुतेकदा समाजकार्य, कुठे मानसशास्त्र. सरकारी रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक: समाजकार्याची पदव्युत्तर पदवी. पोषण पुनर्वसन केंद्रातले आहारतज्ज्ञ: आहारशास्त्र. सांख्यिकी अन्वेषक: संख्याशास्त्र, गणित. साथरोगतज्ज्ञ: एमपीएच लिहिलेलं असेल, पण पुष्कळदा त्याच्या आधी ‘वैद्यकीय पदवीधर’ हे दोन शब्दही असतील. आणि ज्या पदवीसाठी तू वर्षाला एक लाख साठ हजार भरणार आहेस तिचं नाव त्या रकान्यात किती वेळा येतं ते मोज. मला वाटतं तुझ्या एका हाताची बोटं पुरतील. तीन वर्षांचे चार लाख ऐंशी हजार होतात, खोली-मेस वेगळी.

‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणणाऱ्या त्या गृहस्थांना एक साधा प्रश्न विचार: मागच्या तुकडीतल्या पाच मुलींचे फोन नंबर द्याल का? दिले तर त्या मुलींना फोन कर, मग मला कळव, मी माझं मत बदलीन. आत्ता तरी माझं मत तेच. पदवी वाईट आहे असं नाही म्हणत. उद्या दिवस बदलतीलही. २०२१ मध्ये केंद्राने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी जो कायदा केला त्याच्या यादीत सामुदायिक आरोग्य प्रवर्तक हाही एक प्रकार आहे. पण कायद्याच्या यादीतून जाहिरातीच्या रकान्यात नाव उतरायला आपल्याकडे किती वेळ लागतो, ते मी तीस वर्षं बघितलंय. तोपर्यंत जमिनीचा तुकडा पप्पांकडेच राहू दे.

मग काय घेऊ म्हणशील. बीएएमएसला माझा विरोध एवढाच की ते तुला नको आहे आणि त्यासाठी जमीन जाते. यातली एक जरी गोष्ट नसती तर मी घे म्हटलं असतं, कारण वरच्या रकान्यात त्या पदवीला वजन आहे आणि त्यावर एमपीएचही करता येतं. नर्सिंगचं तसंच. सरकारी नर्सिंग कॉलेजला नंबर लागत असेल तर एकदा थंड डोक्याने विचार कर. चार वर्षं वॉर्डात काढायची तयारी हवी, आवड नसताना ती चार वर्षं फार लांब वाटतात, हे माझ्या धाकट्या बहिणीने मला पुरेसं ऐकवलेलं आहे.

माझी पसंती समाजकार्याला. बीएसडब्ल्यू, मग एमएसडब्ल्यू किंवा एमपीएच. एक तर फी झेपते. दुसरं, पहिल्या वर्षापासून आठवड्यातले दोन दिवस क्षेत्रकार्य असतं, वस्तीत जाऊन अहवाल लिहावा लागतो, आणि तू ते काम आईचा पदर धरून आधीच केलेलं आहेस. टिसचं एक केंद्र तुझ्याच जिल्ह्यात तुळजापूरला आहे, १९८६ पासून. तिथे ग्रामीण विकासावर भर देणारी समाजकार्याची पदवी शिकवतात. प्रवेश सीयूईटी या देशपातळीवरच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतात आणि तिचे अर्ज वर्षाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतच भरून संपतात, त्यामुळे यंदाची गाडी गेली. त्यासाठी घरी बसू नकोस. यंदा जवळच्या कॉलेजात बीएसडब्ल्यू मिळालं तर ते, नाही तर गृहविज्ञान-पोषण, नाही तर समाजशास्त्र किंवा मानसशास्त्र घेऊन बीए. हजेरी लाव, सीयूईटीचा अभ्यास कर, लागलं तर पुढच्या वर्षी तुळजापूर, नाही लागलं तर वर्ष वाया गेलं नाही.

गणिताबद्दल मात्र तुला दिलासा देता येत नाही. ज्याला घाबरून तू बायो घेतलंस ते या विषयात पुढे उभंच आहे. एमपीएचमध्ये साथरोगशास्त्र आणि जैवसंख्याशास्त्र हे दोन विषय पोरांना घाम फोडतात. पण ते लातूरच्या क्लासमधलं गणित नाही, घड्याळ लावून सोडवायचं. एक उदाहरण देते, तूच ठरव भीती वाटते का. समजा तुझ्या गावात ४० बायकांचं रक्त तपासलं, २५ जणींना रक्त कमी निघालं. पुढच्या वर्षी पुन्हा ४० तपासल्या, २० जणींना कमी निघालं. सरपंच हार घालायला तयार. तू काय विचारशील? त्याच ४० होत्या की वेगळ्या? मागच्या वर्षी ज्या जास्त अशक्त होत्या त्या या वर्षी ऊसतोडीला गेल्या होत्या का? दोन्ही वेळा यंत्र तेच होतं का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या रक्तक्षय असलेल्या बायकांचं प्रमाण आधी ४८ टक्के होतं, २०१९-२१ च्या पाहणीत ते ५४.२ टक्के झालं. गोळ्या वाटूनही वाढलं? की बोटातून रक्ताचा थेंब घेऊन मोजण्याच्या पद्धतीतच गडबड आहे? तज्ज्ञ त्यावर भांडतायत. हे प्रश्न तुला सुचले असतील तर तुझं निम्मं संख्याशास्त्र झालं, उरलेलं सूत्रांचं आहे आणि ते कुणीही शिकवतं. ही पाहणी करणारी संस्था, लोकसंख्या विज्ञानाची, मुंबईत देवनारलाच आहे, टिसच्या शेजारपाजारात. आकड्यांत गोडी लागली तर तिथे संख्याशास्त्राचंही पदव्युत्तर शिक्षण आहे.

नोकरीचं खरं चित्रही सांगायला हवं, नाहीतर प्रवेशवाल्यांत नि माझ्यात फरक काय. आरोग्य अभियानातली बरीच पदं कंत्राटी आहेत. अकरा महिन्यांचा करार, मग एक-दोन दिवसांचा खंड, मग पुन्हा करार. कायम करा म्हणून झालेले संप तू पेपरात वाचले असशील, आईने तर आशांच्या मोर्चात पायही दुखवून घेतले असतील. संस्थांमध्ये काम चांगलं असतं, पण प्रकल्प संपला की पैसा संपतो. जिल्ह्याला एक विस्तार व माध्यम अधिकारी असतो, ते माझ्या जातकुळीचं पद, पण जिल्ह्याला एक म्हणजे किती ते बघ. या क्षेत्रात टिकलेल्या माझ्या ओळखीच्या मुली पहिली चार-पाच वर्षं कमी पैशांवर फिरल्या आणि त्यानंतर सावरल्या. सावरल्या त्या बहुतेक दोन कामांमुळे: ज्यांना अहवाल नीट लिहिता येतो आणि ज्यांना एक्सेलमध्ये आकडे नीट लावता येतात. इंग्रजीत अहवाल लिहिता येणं ही आपल्याकडच्या मुलींची खरी अडचण, गणितापेक्षा मोठी. लातूरच्या दोन वर्षांत पर्यायांवर गोल करून करून वाक्य लिहायची सवय मोडली असेल, ती आजपासून लाव. रोज अर्धं पान, आईच्या एका गृहभेटीवर, आधी मराठीत, मग तेच इंग्रजीत. चुकू दे.

बाहेरदेशी जायचं असेल तर एमपीएचसाठी, दोन-तीन वर्षं काम केल्यावर, शिष्यवृत्ती घेऊन. कर्ज काढून नाही. एवढंच त्यावर.

पप्पांचा प्रश्न मला हसण्यावारी न्यायचा नाही. मुलगी डॉक्टर होणार असं दोन वर्षं सांगत फिरलेल्या माणसाला पारावर एकदम ‘समाजकार्य’ म्हणणं जड जातं. लोकांना ते फुकट करायचं काम वाटतं. त्यांना गुटख्याचं विचार. महाराष्ट्रात गुटखाबंदी जुलै २०१२ मध्ये आली, तरी पुडी मिळायची कुठे थांबली? पुडी बनवणारा दुसऱ्या राज्यात, आणणारा रात्री, विकणाऱ्याचं घर त्यावर, खाणाऱ्याला सुटत नाही, शाळेच्या भिंतीला लागून टपरी. हे सगळं एकत्र सोडवायला बसणारी माणसं कोणत्या शाखेची असतात? डॉक्टर तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन करील, ते त्याचं काम. पप्पांनी पारावर म्हणावं, पोरगी त्याच्या आधीचं काम शिकतेय. पप्पा स्वतः तंबाखू खात असतील तर हे उदाहरण जरा बेताने घे.

आता येत्या महिनाभरात काय करायचं. जाहिरातींची वही कर, ती सांगितलीच. दुसरं, आठवडाभर आईबरोबर पुन्हा फीर, पण या वेळी मुलगी म्हणून नको, शिकाऊ म्हणून. ती एखाद्या घरी काय बोलते यापेक्षा काय बोलायचं टाळते ते टिपून ठेव. एका घरी ती दारातूनच का परतते, दुसऱ्या घरी पाणी का पिते. ग्राम आरोग्य पोषण दिवसाला अंगणवाडीत शेवटपर्यंत बस, कोण आलं त्यापेक्षा कोण आलं नाही त्याची यादी कर. आठ दिवसांनी ही वही वाचताना कंटाळा आला तर मला प्रामाणिकपणे कळव, मग आपण वेगळा विचार करू. नर्सिंग, संख्याशास्त्र, काहीही. ‘आईचं काम आवडतं’ आणि ‘आई आवडते’ यात गल्लत होऊ शकते, वीस वर्षांच्या मुलीची तर सहज होते. माझीही झाली होती, माझ्या वडिलांच्या बाबतीत. ते पोस्टमन होते. असो.

तिसरं, तुळजापूर तालुक्यात अणदूरला जाऊन ये. तिथे हॅलो मेडिकल फाउंडेशन ही संस्था अनेक वर्षं गावच्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार करते आहे. आधी फोन करून वेळ घे. जामखेडलाही जा, जवळच आहे. दोन्हीकडे डॉक्टरांना कमी आणि कार्यकर्त्यांना जास्त प्रश्न विचार: तुमचं लग्न कसं ठरलं, पगार किती, घरचे काय म्हणतात, पहिल्या वर्षी रडलात का. पुण्याच्या प्रवेशवाल्यांनी जे सांगितलं नाही ते तिथे एका दुपारी कळेल.

आणि अणदूरला आईला बरोबर ने. वणवण करणाऱ्या दुसऱ्या बायकांबरोबर बसून ती काय बोलते ते तुला ऐकायला मिळेल, आणि तिचा प्रश्न तीच त्यांना विचारील. रजा मिळायची मारामार असते हे तुला सांगायला नको, तेव्हा रविवारी जा. पोलिओचा रविवार नाही ना, तेवढं कॅलेंडरात बघून घे.